गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले (जन्म: ९ मे १८६६, कोतळूक, मृत्यू: १९ फेब्रुवारी १९१५, पुणे) हे महाराष्ट्रातील शिक्षक, अर्थकारणाचे अभ्यासक, संसदपटू आणि भारतीय राष्ट्रीय सभेतील नेमस्त पक्षाचे प्रमुख नेते होते. १९०५ साली बनारस येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते आणि त्याच वर्षी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानत.

गोखले यांचे नाव मुख्यतः अंदाजपत्रकावरील भाषणे आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक यांच्याशी जोडले जाते. त्यांच्या कार्याचे आणखी एक अंग तितकेच महत्त्वाचे आहे. ब्रिटिश साम्राज्यात गोऱ्या वसाहतींतील रहिवाशांना एक न्याय आणि भारतीयांना दुसरा न्याय का, हा प्रश्न त्यांनी लष्करी खर्च, सरकारी नोकऱ्या, गिरमिट पद्धत व दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचे हक्क या चार बाजूंनी सतत मांडला. साम्राज्यांतर्गत वंशभेदाच्या प्रश्नावर एका स्वायत्त वसाहतीच्या मंत्र्यांशी समोरासमोर वाटाघाटी करणाऱ्या पहिल्या भारतीय लोकनेत्यांत त्यांची गणना होते.

बालपण व शिक्षण

गोखले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. हे गाव आज गुहागर तालुक्यात आहे. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळराव तेरा वर्षांचे असताना, १८७९ मध्ये, वडिलांचे निधन झाले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. एका माणसाच्या शिक्षणाची किंमत दुसऱ्याला कशी मोजावी लागते, याचा हा अनुभव गोखले यांना जन्मभर पुरला. सार्वजनिक पैशाच्या एकेका रुपयाचा हिशेब मागण्याची त्यांची वृत्ती याच काळात घडली, असे त्यांच्या चरित्रकारांचे मत आहे.

कागल येथील शाळा, कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. १८८४ साली ते बी.ए. झाले. त्यानंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला, परंतु तो पूर्ण केला नाही.

अध्यापन व सार्वजनिक जीवनाची सुरुवात

१८८५ मध्ये गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य बनले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकवले. शालेय अंकगणितावर त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक दीर्घकाळ प्रचारात होते. १९०२ साली ते संस्थेतून निवृत्त झाले.

१८८७ च्या सुमारास त्यांचा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी निकटचा संबंध आला. सरकारी अहवाल, आयव्ययाची कोष्टके व जनगणनेचे तक्ते बारकाईने वाचून त्यांतून निष्कर्ष काढण्याची शिस्त त्यांना रानडे यांनी लावली. गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या सुधारक या पत्राच्या इंग्रजी भागाचे संपादन गोखले यांनी काही काळ केले. पुणे सार्वजनिक सभेचे चिटणीसपद आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादन हीही कामे त्यांच्याकडे होती. सभेवर बाळ गंगाधर टिळक यांच्या पक्षाचे वर्चस्व आल्यानंतर रानडे यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा स्थापन केली आणि गोखले तिचे चिटणीस झाले. त्याच वर्षी पुण्यास आलेल्या मोहनदास गांधी या तरुण बॅरिस्टरशी त्यांची पहिली भेट झाली. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांची गाऱ्हाणी मायदेशी मांडण्यासाठी गांधी त्या वेळी दौरा करीत होते.

वेल्बी आयोग व माफीचे प्रकरण

भारताच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले १८९७ साली दिनशा वाच्छा यांच्यासह इंग्लंडला गेले. दादाभाई नवरोजी हे या आयोगाचे एक सदस्य होते. गोखले यांनी आपल्या साक्षीत लष्करी खर्चाची वाढ, वरिष्ठ जागांवरील युरोपीयांचे प्राबल्य आणि करदात्या भारतीयांना खर्चावर नियंत्रण नसणे या तीन गोष्टींचा परस्परसंबंध दाखवला. त्या वेळी त्यांचे वय ३१ वर्षांचेही नव्हते.

याच मुक्कामात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कटू प्रसंग घडला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या गोऱ्या सैनिकांनी घरझडतीत अत्याचार केल्याच्या बातम्या त्यांना मित्रांच्या पत्रांतून कळल्या. स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोप त्यांनी इंग्लंडमधील वृत्तपत्रातून जाहीर केला. त्याच सुमारास पुण्यात वॉल्टर रँड यांची हत्या झाली आणि वातावरण पालटले. मायदेशी परतल्यावर गोखले यांना आरोपांस पुरावा मिळू शकला नाही. माहिती देणाऱ्यांची नावे उघड करण्यास नकार देऊन त्यांनी आपले विधान मागे घेतले आणि बिनशर्त माफी मागितली. इंग्रजी पत्रांनी त्यांची टवाळी केली, तर स्वदेशीयांपैकी अनेकांनी त्यांना भ्याड ठरवले. राष्ट्रीय सभेच्या त्या वर्षीच्या अधिवेशनात त्यांना मानाचे स्थान मिळू शकले नाही. यापुढे पुराव्यावाचून एकही वाक्य सार्वजनिकरीत्या बोलायचे नाही, हा नियम त्यांनी कटाक्षाने पाळला. सरकारविरुद्धच्या त्यांच्या पुढील युक्तिवादांना जी धार आली, ती मुख्यतः सरकारच्याच आकड्यांतून.

केंद्रीय कायदेमंडळ व संरक्षण खर्च

१८९९ मध्ये गोखले मुंबई कायदेमंडळावर निवडून आले आणि १९०१ च्या अखेरीस फिरोजशहा मेहता यांच्या जागी व्हाइसरॉयच्या केंद्रीय कायदेमंडळात त्यांची निवड झाली. मृत्यूपर्यंत ते या मंडळाचे सदस्य होते. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार ज्या शिलकीला भरभराटीचे लक्षण मानत होते, ती वास्तविक रुपयाचा विनिमय दर वाढल्यानंतरही जुने कर तसेच ठेवल्यामुळे उरलेली रक्कम होती, असे त्यांनी दाखवून दिले. दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेल्या देशात खजिन्याची शिलक व जनतेची संपन्नता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. पुढील काही वर्षांत मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड व १९०७ मध्ये एक रुपयावर आला. प्राप्तिकराची किमान मर्यादाही १९०३ मध्ये ५०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आली. या सवलतींमागे गोखले यांच्या चिकाटीचा वाटा मोठा होता.

लष्करी खर्चावरील त्यांची टीका केवळ काटकसरीची नव्हती. भारतात ठेवलेले सैन्य हे केवळ भारताच्या संरक्षणासाठी आहे की साम्राज्याच्या आशियातील सत्तेसाठी, हा प्रश्न त्यांनी विचारला. दक्षिण आफ्रिकेतील १८९९ चे युद्ध व त्यानंतरची चीनमधील मोहीम या दोन्हींसाठी भारतातून फौजा पाठवण्यात आल्या होत्या. देशाच्या सुरक्षेला धक्का न लावता इतके सैन्य बाहेर पाठवता येते, याचाच अर्थ ते गरजेपेक्षा अधिक आहे आणि त्याचा भार केवळ भारतीय करदात्यांनी सोसणे अन्यायाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वायव्य सरहद्दीवर रशियाची भीती दाखवून लॉर्ड किचनर यांनी लष्कराच्या पुनर्रचनेची खर्चिक योजना हाती घेतली, तेव्हाही त्यांनी तिला विरोध केला. १९०७ मध्ये ब्रिटन व रशिया यांच्यात करार झाल्यानंतर तर ही भीती उरली नाही आणि खर्च कमी झाला पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला.

सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी वंशभेदाशीही जोडला. युरोपातील देश व जपान हे शांततेच्या काळात मर्यादित सैन्य बाळगून मोठी राखीव दले तयार ठेवत. भारतात मात्र शस्त्रबंदीच्या कायद्याने सामान्य माणूस निःशस्त्र होता, स्वयंसेवक पलटणींची दारे बहुतेक भारतीयांना बंद होती आणि लष्करातील राजाज्ञांकित अधिकारपद एकाही भारतीयाला मिळत नव्हते. ज्या प्रजेवर विश्वास नाही तिच्याच पैशाने तिच्यावर पाळत ठेवण्यासाठी महागडी परदेशी फौज पोसली जाते, अशी त्यांची मीमांसा होती. नागरिकांवरील विश्वास हेच संरक्षणाचे सर्वांत स्वस्त साधन आहे, हा विचार त्यांच्या अंदाजपत्रकीय भाषणांतून पुन्हा पुन्हा येतो. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केल्यानंतर आशियातील लोकांच्या आत्मविश्वासात पडलेल्या फरकाचीही त्यांनी नोंद घेतली होती. भारतीयांना लष्करात अधिकारपदे मिळण्यास मात्र १९१७ साल उजाडावे लागले.

सरकारी नोकऱ्यांतील वंशभेद

१८३३ च्या कायद्याने धर्म, जन्मस्थान, वंश वा वर्ण यांच्या कारणाने कोणाही भारतीयास सरकारी पदापासून वंचित ठेवले जाणार नाही, असे ठरवले होते. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने त्याला दुजोरा दिला होता. प्रत्यक्षात वरिष्ठ जागा जवळजवळ सर्व युरोपीयांकडे होत्या. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने १९०४ मध्ये या विषयावर ठराव प्रसिद्ध करून प्रचलित व्यवस्थेचे समर्थन केले. गोखले यांनी या भूमिकेचे सविस्तर खंडन केले. लेखी वचन आणि प्रत्यक्ष आचरण यांतील अंतर मोजण्याची ही त्यांची नेहमीची पद्धत होती.

१९१२ मध्ये नेमलेल्या सरकारी नोकऱ्यांविषयीच्या इस्लिंग्टन आयोगावर त्यांची नेमणूक झाली. या आयोगाच्या कामासाठी त्यांनी प्रकृती ढासळत असतानाही भारतात व इंग्लंडमध्ये सतत प्रवास केला. आयोगाचा अहवाल तयार होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले.

जुलै १९११ मध्ये लंडन येथे जागतिक वंश परिषद भरली होती. निरनिराळ्या वंशांच्या लोकांत समजूत वाढावी, या हेतूने भरलेल्या या परिषदेत आशिया, आफ्रिका, युरोप व अमेरिका येथील विचारवंतांचे निबंध सादर झाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते विल्यम ड्युबॉइस हेही तिच्यात सहभागी होते. भारतातील पूर्व व पश्चिम यांच्या संबंधांविषयी गोखले यांचा निबंध या परिषदेच्या ग्रंथात समाविष्ट आहे. एक वंश दुसऱ्यावर राज्य करीत असताना दोघांत बरोबरीचा स्नेह निर्माण होणे कठीण असते आणि राज्यकारभारात भारतीयांना वाटा मिळाल्याखेरीज संबंध सुधारणार नाहीत, अशी भूमिका त्यांनी त्यात मांडली.

गिरमिट पद्धतीविरुद्धचा लढा

गुलामगिरी बंद झाल्यानंतर उसाच्या मळ्यांवर मजुरांची टंचाई भासू लागली. ती भागवण्यासाठी १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर मॉरिशसला व नंतर इतर वसाहतींना पाठवण्यात येऊ लागले. करार या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा अपभ्रंश होऊन या मजुरीला गिरमिट हे नाव पडले. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या कोकणातील व देशावरील मजुरांचे वंशज तेथे आजही मराठी समाज म्हणून ओळखले जातात. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत पहिले गिरमिटिये नोव्हेंबर १८६० मध्ये उतरले. १९११ पर्यंत तेथे सुमारे दीड लाख मजूर नेण्यात आले.

पाच वर्षांची मुदत संपल्यावर अनेक मजूर तेथेच शेती व किरकोळ व्यापार करू लागले. गोऱ्या रहिवाशांना मजूर हवे होते, शेजारी नको होते. १८९५ च्या कायद्याने नाताळ सरकारने मुक्त झालेल्या गिरमिटियांवर दरसाल माणशी तीन पौंडांचा कर बसवला. पुढे तो १६ वर्षांवरील मुलांना व १३ वर्षांवरील मुलींनाही लागू झाला. कर देता येत नसेल, तर पुन्हा गिरमिट पत्करावी किंवा भारतात परतावे, हा त्यामागचा हेतू होता. ट्रान्सवालमध्ये भारतीयांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती झाली आणि तिच्याविरुद्ध १९०६ पासून गांधी यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला.

या लढ्याला भारतात पाठबळ मिळवून देण्याचे काम मुख्यतः गोखले यांनी केले. १९०९ मध्ये त्यांच्या प्रयत्नांना प्रतिसाद देऊन रतन टाटा यांनी सत्याग्रहासाठी २५,००० रुपये दिले. गांधी यांचे सहकारी हेन्री पोलाक भारतात आले, तेव्हा त्यांच्या सभा घडवून आणण्यात गोखले व भारत सेवक समाज यांचा पुढाकार होता.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात नाताळसाठी होणारी गिरमिटियांची भरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून ही भरती थांबली. परतंत्र देशाला दुसऱ्या वसाहतीशी व्यवहार करताना दबावाचे एकच साधन उपलब्ध होते व ते म्हणजे मजुरांचा पुरवठा. मळे व कोळशाच्या खाणी ज्यांच्या श्रमावर चालत, त्यांना अपमानाची वागणूक मिळणार असेल, तर ते श्रम रोखून धरता येतात, हे या ठरावाने प्रथम दाखवून दिले.

४ मार्च १९१२ रोजी त्यांनी गिरमिट पद्धत सर्वच वसाहतींसाठी पूर्णपणे रद्द करण्याचा ठराव आणला. निरक्षर माणसाला न समजणाऱ्या करारावर त्याचा अंगठा घेतला जातो. कामात कसूर झाल्यास फौजदारी शिक्षा होते, हे त्याला सांगितले जात नाही. १०० पुरुषांमागे ४० स्त्रिया या नियमामुळे मळ्यांवरील कौटुंबिक जीवन उद्ध्वस्त होते. आणि आत्महत्यांचे प्रमाण भयावह आहे, असे मुद्दे त्यांनी सरकारी अहवालांच्या आधारे मांडले. अशी पद्धत केवळ भारतीयांसाठीच आहे व त्यामुळे स्वतंत्र भारतीयालाही जगात कुली समजले जाते, हा राष्ट्रीय अपमान त्यांना सर्वांत अधिक टोचत होता. ठरावाच्या बाजूने २२ व विरुद्ध ३३ मते पडून तो फेटाळला गेला. तथापि १९१६ मध्ये मदनमोहन मालवीय यांनी मांडलेला याच आशयाचा ठराव सरकारने मान्य केला. १९१७ मध्ये भरती बंद पडली आणि १९२० च्या आरंभी उरलेली गिरमिटेही रद्द झाली. हे पाहण्यास गोखले हयात नव्हते.

दक्षिण आफ्रिकेचा दौरा

१९१० मध्ये चार वसाहती एकत्र येऊन दक्षिण आफ्रिका संघ हे स्वायत्त राज्य बनले. तेथील सुमारे दीड लाख भारतीयांच्या प्रश्नावर तडजोड घडवून आणण्यासाठी गोखले इंग्लंडहून निघून २२ ऑक्टोबर १९१२ रोजी केपटाउन येथे उतरले. या दौऱ्याला भारतमंत्र्यांची संमती होती आणि संघ सरकारने त्यांना पाहुण्याचा मान देऊन प्रवासासाठी रेल्वेचा खास डबा दिला. एरवी भारतीयांना ज्या देशात वरच्या वर्गाने प्रवास करणेही दुरापास्त होते, तेथे हा सन्मान विलक्षणच होता. प्रश्न सुटेपर्यंत सन्मान व अपमान हे एकाच रुळावरून धावत होते, असे या दौऱ्याचे स्वरूप राहिले.

किंबर्ली, जोहान्सबर्ग, प्रिटोरिया व नाताळ येथे त्यांनी सभा घेतल्या, गोऱ्या व्यापाऱ्यांशी व खाणमालकांशी चर्चा केली आणि मजुरांच्या तक्रारी प्रत्यक्ष ऐकल्या. संपूर्ण दौऱ्यात गांधी त्यांचे चिटणीस म्हणून बरोबर होते. जोहान्सबर्ग येथे कोकणी मुसलमान व काही महाराष्ट्रीय हिंदू राहत असत. त्यांच्यासाठी गोखले यांनी इंग्रजीऐवजी मराठीत भाषण करावे, असा आग्रह गांधी यांनी धरला. गोखले यांनी मराठीत भाषण केले आणि गांधी यांनी त्याचा हिंदुस्थानीत अनुवाद केला. जोहान्सबर्गजवळील टॉलस्टॉय फार्म येथे जाताना स्थानकापासून सुमारे दीड मैल पावसात चालावे लागल्याने गोखले यांना थंडी बाधली. मधुमेहाने पोखरलेल्या प्रकृतीवर या दगदगीचा विपरीत परिणाम झाला.

प्रिटोरियाची भेट व तिचा परिणाम

१४ नोव्हेंबर १९१२ रोजी गोखले यांनी प्रिटोरिया येथे पंतप्रधान लुई बोथा, मंत्री यान स्मट्स व अब्राहम फिशर यांची भेट घेतली. गांधी या भेटीस हजर नव्हते, परंतु त्यांनी गेल्या वीस वर्षांच्या घडामोडींचे टिपण तयार करून दिले होते. गोखले यांनी ते रात्री जागून आत्मसात केले. सुमारे दोन तास चाललेल्या चर्चेनंतर गोखले यांची अशी समजूत झाली की, ट्रान्सवालचा नोंदणी कायदा रद्द होईल, प्रवेशविषयक कायद्यातील वंशभेद काढला जाईल व तीन पौंडांचा कर उठवला जाईल. वर्षभरात सर्व मिटेल व गांधी यांना भारतात परतता येईल, असे त्यांनी सांगितले. मंत्र्यांच्या शब्दावर गांधी यांचा तितकासा विश्वास नव्हता. चर्चेचा कोणताही लेखी करार झालेला नव्हता.

गोखले १७ नोव्हेंबर रोजी लोरेन्सो मार्केश येथून भारताकडे निघाले. गांधी व हर्मन कॅलनबाख त्यांना झांझिबारपर्यंत पोहोचवण्यास गेले. मायदेशी त्यांच्यावर टीकाही झाली. भविष्यात नव्या भारतीयांच्या प्रवेशावर व्यवहारात मर्यादा राहील, ही गोष्ट मान्य करून त्यांनी समतेचे तत्त्व सोडले, असे टीकाकारांचे म्हणणे होते. कायद्यात वंशाचा उल्लेख नसावा आणि तेथे आधीच स्थायिक असलेल्यांना न्याय मिळावा, या दोन गोष्टी आधी पदरात पाडून घ्याव्यात, अशी गोखले यांची भूमिका होती.

१९१३ मध्ये स्मट्स यांनी नाताळमधील गोऱ्यांचा विरोध पुढे करून कर रद्द करण्यास असमर्थता दर्शवली. दिलेला शब्द मोडला गेला, अशी भारतीयांची भावना झाली. त्याच वर्षी मार्च महिन्यात केप प्रांताच्या न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे ख्रिस्ती पद्धतीने न झालेले भारतीय विवाह अवैध ठरण्याची वेळ आली. यानंतर सत्याग्रहाने उग्र रूप धारण केले. कराचा प्रश्न त्याच्या मागण्यांत प्रथमच दाखल झाला व त्यामुळे गिरमिटिये मजूर लढ्यात उतरले. गोखले यांना दिलेल्या वचनाचा भंग हेच त्याचे जाहीर कारण होते. नोव्हेंबर १९१३ मध्ये ट्रान्सवालच्या सीमेकडे निघालेल्या मोर्चात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले होती. हजारो मजुरांनी काम बंद केले आणि अनेकांना तुरुंगवास व मारहाण सोसावी लागली.

गोखले आजारी असतानाही त्यांनी भारतभर निधी गोळा केला व रोज तारांद्वारे आफ्रिकेशी संपर्क ठेवला. भारतात इतका क्षोभ उसळला की, व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रास येथील भाषणात सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती व्यक्त केली. ब्रिटिश भारताच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने साम्राज्यातील दुसऱ्या सरकारवर जाहीर टीका करणे ही असाधारण घटना होती. गोखले यांच्या सांगण्यावरून चार्ल्स अँड्र्यूज व विल्यम पिअर्सन हे मदतीसाठी आफ्रिकेस गेले. चौकशी आयोगावर बहिष्कार टाकण्याचा गांधी यांचा निर्णय गोखले यांना पसंत नव्हता. त्यांनी तसे कळवले. तरीही गांधी ठाम राहिल्यावर त्यांनी आपला पाठिंबा काढून घेतला नाही. जुलै १९१४ मध्ये अमलात आलेल्या भारतीय दिलासा कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द झाला व भारतीय विवाहांना मान्यता मिळाली.

या यशाच्या मर्यादाही अभ्यासकांनी दाखवल्या आहेत. मतदान, जमीनखरेदी व व्यापार परवाने यांवरील निर्बंध कायम राहिले. शिवाय १९१३ च्या कायद्याने आफ्रिकी बहुसंख्याकांचा जमिनीवरील हक्क देशाच्या अल्पशा भागापुरता उरला होता. भारतीय लढ्याच्या मागण्यांत त्यांच्या प्रश्नाला स्थान नव्हते. गोखले यांच्या विवेचनाचा विषयही साम्राज्याचे प्रजाजन म्हणून भारतीयांचे हक्क हाच होता.

शेवटची वर्षे

गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी नामंजूर झाले. १९१४ मध्ये देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नम्रपणे नाकारला. ९ जानेवारी १९१५ रोजी गांधी भारतात परतले. प्रकृती अत्यंत क्षीण असतानाही गोखले त्यांच्या स्वागतासाठी मुंबईस गेले. एक वर्ष देशभर फिरून परिस्थिती पाहावी व तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असा सल्ला त्यांनी गांधी यांना दिला आणि गांधी यांनी तो पाळला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी रात्री पुणे येथे गोखले यांचे निधन झाले. त्या वेळी ते ४८ वर्षांचे होते. आयुष्यभर त्यांचे राजकीय विरोधक राहिलेले टिळक अंत्यसंस्काराच्या वेळी उपस्थित होते व त्यांनी श्रद्धांजलीपर भाषण केले. गोखले यांच्या मागे काशीबाई व गोदूबाई या दोन कन्या होत्या.

मृत्यूपूर्वी काही दिवस मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या विनंतीवरून त्यांनी घटनात्मक सुधारणांचा एक आराखडा लिहिला होता. १९१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला व गोखले यांचे राजकीय मृत्युपत्र म्हणून ओळखला जाऊ लागला. प्रांतांना स्वायत्तता व भारतीयांना सेना आणि नौदल यांत अधिकारपदे या मागण्या त्यात होत्या. जर्मन पूर्व आफ्रिका जिंकली गेल्यास ती भारतीयांच्या वसाहतीसाठी राखून भारत सरकारकडे सोपवावी, अशीही एक सूचना त्यात होती. साम्राज्यात समान स्थान मागताना साम्राज्याच्याच भाषेत विचार करण्याची ही मर्यादा त्या काळच्या अनेक नेत्यांत आढळते. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या संमतीचा विचार या सूचनेत नाही.

वारसा

गोखले यांच्यानंतर भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री यांनी परदेशस्थ भारतीयांचा प्रश्न पुढे नेला. १९२१ च्या साम्राज्य परिषदेत स्वायत्त वसाहतींत कायदेशीररीत्या स्थायिक असलेल्या भारतीयांना नागरिकत्वाचे समान हक्क असावेत, असा ठराव झाला. दक्षिण आफ्रिकेने त्यास असहमती नोंदवली. त्या वेळी तिचे पंतप्रधान स्मट्स होते. १९२७ च्या केपटाउन करारानंतर शास्त्री हे भारत सरकारचे दक्षिण आफ्रिकेतील पहिले प्रतिनिधी झाले.

१९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने भारतीयांच्या जमीनधारणेवर नवे निर्बंध घातले. तेव्हा भारताने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या पहिल्याच आमसभेत नेला. भारतीय शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या आणि दक्षिण आफ्रिकेची बाजू स्मट्स मांडत होते. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, हा त्यांचा युक्तिवाद आमसभेने मान्य केला नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी भारताच्या बाजूचा ठराव १५ विरुद्ध ३२ मतांनी, आवश्यक त्या दोनतृतीयांश बहुमताने संमत झाला. ३४ वर्षांपूर्वी प्रिटोरियातील बंद दाराआड गोखले यांना ज्या प्रश्नावर केवळ तोंडी आश्वासन मिळाले होते, तो प्रश्न आता जगातील राष्ट्रांच्या मतदानाला आला. दक्षिण आफ्रिकेने हा ठराव अमलात आणला नाही; परंतु एखादे सरकार आपल्या प्रजेशी वंशावरून कसे वागते हा आंतरराष्ट्रीय चर्चेचा विषय ठरतो, हे त्यातून प्रस्थापित झाले.

पुणे येथे १९३० मध्ये स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. भारत सेवक समाजाचे मुख्यालय पुण्यातच आहे.